कडीवर कडी

खट्!

ऐकलंत? हा माझा आवाज. मी कडी बोलतेय. शाळेतल्या मुलींच्या बाथरूमच्या अगदी शेवटच्या दाराची कडी. दुकानात मला बोल्ट म्हणायचे, पण दाराला लागल्यापासून त्या नावानं मला कुणी ओळखलेलं नाही. ‘कडी लाव गं’, ‘कडी नीट लागत नाही गं’, ‘काढ की कडी, झोपलीस का आत?’ एवढंच ऐकत आले.

सध्या मात्र मी दारावर नाही. बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात पडून आहे. डबा साफसफाईच्या मावशींच्या फळीवर, बेसिनच्या बाजूला, फिनेलच्या बाटलीला टेकलेला. इथं कशी आले ते सांगते. पण आधीच सांगून ठेवते, जे पाहिलं त्याचा धक्का अजून ओसरलेला नाही. बोलता बोलता अडखळले तर म्हातारीला गंज चढलाय म्हणून सोडून द्या.

माझा जन्म एका शेडमधल्या छोट्या कारखान्यात झाला. तिथं यंत्र धाडकन खाली यायचं आणि पत्र्यातून आमच्यातली एक बाहेर पडायची. मग घासणं, पुसणं, चकाकी देणं. सुताराच्या हाती लागले तेव्हा मी अशी चमकत होते की त्यानं माझ्यात बघून मिशी पुसली. ‘मुलींची शाळा आहे, मजबूत बसव,’ असं त्याला ठेकेदारानं बजावलं होतं. त्यानं तीन स्क्रू पिळले, चौथा खाली पडून मोरीच्या भोकात गेला. सुतारानं इकडेतिकडे पाहिलं, खिशातून एक खिळा काढला आणि ठोकला तिरका. तीन स्क्रू आणि एक वाकडा खिळा, असा माझा संसार सुरू झाला. समोरच्या चौकटीत कोयंडा. आमची जोडी जमली ती जमलीच.

मला माझ्या कामाचा भारी ताठा होता, खोटं कशाला बोलू? तुम्ही माणसं म्हणता ना, ‘अमक्यानं तमक्यावर कडी केली’? म्हणजे मात केली. उगाच नाही म्हणत. एकदा कडी लागली की बाहेरचा तो बाहेर आणि आतला तो आत. पुढे कुणाची मात्रा चालत नाही. मनात म्हणायचे, सगळ्यांवर कडी होईल, पण कडीवर कडी कोण करणार?

माझा ताठा वाढवला तो चिमणीनं.

चिमणी म्हणजे पूर्वीची एक बारकीशी विद्यार्थिनी. हे नाव तिला वाघिणीनं ठेवलं होतं, आणि वाघिणीला वाघीण हे नाव सगळ्या शाळेनं. वाघीण अंगानं दणकट, आवाज असा की नळानं गळायचं थांबावं. मागे कायम दोघीजणी, ती हसली की हसणाऱ्या. चिमणीचा डबा उपडा करायचा, वेणी ओढायची, पाठीवर खडूनं काहीबाही लिहायचं, हा त्यांचा रोजचा उद्योग. मधली सुट्टी झाली की चिमणी धावत यायची, आत शिरायची आणि मला लावायची. पाठोपाठ त्या तिघी. दारावर धपाधप लाथा. ‘उघड गं! कधीतरी बाहेर येशीलच ना?’

एकदा वाघिणीनं खांद्यानं असा धक्का दिला की माझा वरचा स्क्रू अर्धा बाहेर आला. त्या दिवशी मला धरून ठेवलं ते त्या वाकड्या खिळ्यानं. मग घंटा झाली, पावलं पांगली, आणि चिमणीनं तिचं कपाळ माझ्यावर टेकवलं. तापलेलं होतं ते.

वाघिणीनं चिडून दाराच्या आतल्या बाजूला, माझ्या खालीच, कर्कटकाच्या टोकानं कोरून ठेवलं, ‘चिमणी चोर आहे’. दुसऱ्या एकीनं शेजारी कोरलं, ‘गणिताच्या बाई खडूस’. लांब सुट्टी लागली की रंगारी यायचा आणि सगळ्यावर हिरवा हात फिरवायचा. नंतर ती अक्षरं जवळ डोळा नेल्याशिवाय दिसायची नाहीत.

आणि वाघीण? तिला मावशींनी एके दिवशी लाथ उगारलेल्या अवस्थेत पकडलं. दंडाला धरून थेट मोठ्या बाईंपुढे उभं केलं. तिथं काय झालं ते मला ठाऊक नाही, पण त्यानंतर दारावर लाथ पडली नाही. वाईट होतं ते सगळं, फार वाईट. पण त्या त्रासाला एक तोंड होतं, एक दंड होता, आणि तो दंड धरता येत होता. शाळा सुटली की तोही घरी जायचा. चिमणीच्या घराला तिची स्वतःची कडी होती.

असं माझं ज्ञान. एवढ्या ज्ञानावर मी म्हातारी झाले आणि समजत राहिले की पोरींचा छळ म्हणजे काय ते मला कळतं.

मग फोन आले.

शाळेत फोन आणायला बंदी. त्यामुळे झालं काय, की ज्या त्या पोरीला तो बघायला माझ्याकडे यावं लागे. मोज्यातून, कंपासपेटीतून, कुठून कुठून ते बाहेर निघत. आत यायचं, मला लावायचं, कमोडचं झाकण पाडून त्यावर बसायचं आणि मान खाली. नळ कोरडे, पण बाथरूम भरलेलं! मी आपली खूश. म्हटलं, पूर्वी पोरी इथं रडायला यायच्या, आता निवांत बसायला येतात. जमाना सुधारला.

याच काळात माझी ओळख माईकवालीशी झाली.

माईकवाली नववीतली. शाळेत कुठलाही कार्यक्रम असो, निवेदन तिचंच. आमच्या खोलीत आवाज घुमतो म्हणून ती तालमीला इथं यायची. मला लावायची, घसा खाकरायची आणि दाराकडे तोंड करून, म्हणजे माझ्याकडेच बघून, सुरू करायची, ‘व्यासपीठावरील मान्यवर आणि माझ्या मैत्रिणींनो…’ काय सांगू, माझ्याशी इतक्या मानानं कुणी कधी बोललं नव्हतं. बाहेरून कुणी ओरडायचं, ‘ए मान्यवर, आटप!’ मग ती हसत हसत मला सरकवायची.

वार्षिक समारंभाच्या सकाळी ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा घोकत होती. ‘प्रमुख पाहुण्यांना मी शब्दसुमनांजली अर्पण करते.’ शब्दसुमनांजली. जीभ अडकायची, ती पुन्हा म्हणायची. मला वाटलं, अगं सरळ ‘स्वागत करते’ म्हण की! पण बाईंनी लिहून दिलेलं होतं. बाईंपुढे कोण बोलणार?

आणि व्हायचं तेच झालं. भरल्या सभागृहात, माईकवर, समोर धडधाकट बसलेल्या पाहुण्यांकडे हात करून पोरगी खणखणीत आवाजात म्हणाली, ‘प्रमुख पाहुण्यांना मी भावपूर्ण श्रद्धांजली अर्पण करते.’

सभागृहाचं छप्पर उडायचं बाकी राहिलं. पाहुणे भले गृहस्थ. उठून म्हणाले, ‘बाळ, थोडं थांब, अजून जेवणही झालं नाही माझं.’ पुन्हा हशा. हे सगळं मला कार्यक्रमानंतर बेसिनजवळच्या गप्पांमधून कळलं. तीही त्यात होती. लाजून लाल झाली होती, पण हसत होती. ‘अगं, तोंडातून निघून गेलं! आई लहानपणी मामाला चिडवायची ना, तसं घरी आता मला जन्मभर चिडवणार.’

मीही मनात हसले. म्हटलं, चार दिवस ‘श्रद्धांजली’ म्हणून हाक मारतील, पाचव्या दिवशी दुसरी कुणीतरी घसरून पडेल, की हिची सुटका.

पण त्या सभागृहात कुणाच्या तरी हातात फोन होता.

काही दिवसांत माझ्या खोलीत तो आवाज ऐकू यायला लागला. माईकवाली आत नव्हती, तरी तिचा आवाज आत. एक पोर आली, मला लावलं, अंगठा दाबला, ‘भावपूर्ण श्रद्धांजली अर्पण करते’. ती गेली, दुसरी आली, तोच आवाज. कुणी त्याला गाढवाचं ओरडणं जोडलं होतं, कुणी ढोलाचा ठेका. एका पोरीच्या फोनमध्ये तर तेच शब्द पुन्हा पुन्हा, पुन्हा पुन्हा, थांबायचं नावच नाही. मी गांगरले. एखादीला चिडवायचं तर ती समोर नको? चिमणीला छळायला वाघिणीला निदान धावावं तरी लागायचं!

आणि या पोरी काही वाईट नव्हत्या हो. हेच तर मला उमगेना. बेसिनपाशी एकीनं विचारलं, ‘तू पण पाठवलास?’ दुसरी म्हणाली, ‘मी फक्त पुढे पाठवला. बनवलाय कुठे मी?’ तिसरीही तेच म्हणाली, चौथीही. जिला विचारावं तिनं फक्त पुढे पाठवलेला. मग सुरुवातीला उभं कोण होतं?

माईकवालीनं तालमीला येणं बंद केलं. यायची, पण गप्प यायची. एकदा वर्गाच्या बाईंबरोबर आली, दोघी बेसिनपाशी बोलत उभ्या राहिल्या. बाई प्रेमानं विचारत होत्या.

‘कुणी मारलं का तुला?’

‘नाही, बाई.’

‘ढकललं? वस्तू पळवली? तोंडावर काही बोललं?’

‘तोंडावर कुणीच काही बोलत नाही.’

‘मग झालं तर. लक्ष देऊ नकोस. फोन बंद करून ठेव, विषय संपला.’

‘मी बंद केला तरी त्यांच्याकडे चालूच असतो ना, बाई.’

बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्या तासाला गेल्या. बाईंना तरी काय दोष द्यायचा? त्याही माझ्यासारख्याच, वाघिणीला पकडायला शिकलेल्या.

यानंतर जे घडलं ते सांगताना माझं पत्र्याचं अंग अजूनही गार पडतं.

नववीत आणखी एक मुलगी होती, तिला सगळ्या हळूबाई म्हणायच्या. जाड चष्म्याची. मुंगीलाही वाट देईल अशी. मला इतकी अलगद लावायची की कोयंड्यालासुद्धा पत्ता लागू नये. कुणापुढे ब्र काढणार नाही. एके दुपारी ती आली, बसली आणि फोनवर काही करत राहिली. तिच्या चष्म्याच्या दोन्ही काचांत मला माईकवालीचा फोटो दिसला, छोटासा. आधी रंगीत, मग काळापांढरा. मला गहिवरून आलं. म्हटलं, मैत्रीण गप्प गप्प असते म्हणून ही बिचारी तिचा फोटो जपून ठेवतेय. गुणाची पोर! हळूबाई ओठातल्या ओठात अक्षरं जुळवत होती, ‘भा…व…पूर्ण…’ मग तिनं फोटोला काळी चौकट घातली, खाली जन्माची तारीख टाकली, आणि शेजारी मृत्यूची. स्वतःशीच खुदकन हसली. कुठंतरी बोट टेकवलं. आणि मला अलगद काढून, दार न वाजवता निघून गेली.

मला काहीच कळलं नाही. दोन दिवसांनी कळलं.

त्या दिवशी माईकवाली भर तासाला आली. मला लावलं ते इतक्या जोरात की खिळा कळवळला. हातात फोन. तो थरथरत होता, थांबत होता, पुन्हा थरथरत होता. तिनं तो वर धरला तेव्हा दिसलं. तेच चित्र. काळी चौकट. तेच, जे मी दोन काचांत पाहिलं होतं!

तुम्हाला म्हणून सांगते, बाहेर लाथ मारणारा आला की मी आवळून बसते. त्याच्यासाठीच मी आहे. पण ही पोर मला लावून बसली होती आणि छळणारे तिच्याबरोबरच आत शिरले होते, तिच्याच मुठीत. मी कुणाला अडवू? आणि त्याहून भयंकर म्हणजे, जिनं ते चित्र बनवलं तिलाही मीच जपलं होतं. पूर्वी छळणारी बाहेर असायची आणि छळली जाणारी आत. आता दोघीही आत येतात, दोघीही मलाच लावतात, एकाच झाकणावर बसतात. मी हतबुद्ध झाले. वीतभर यंत्रानं माझ्यावर कडी केली होती.

ती अर्ध्या आवाजात वाचत होती. ओळखीचे, अनोळखी, कुठले कुठले लोक. अर्ध्यांना ते खरंच वाटलं होतं. ‘फार लहान वयात गेली.’ ‘आईवडिलांना बळ मिळो.’ उरलेल्यांना थट्टा माहीत होती, ते हसून लोळत होते. मग एक ओळ तिनं वाचली आणि तिचा आवाज थांबला. कुणीतरी लिहिलं होतं, ‘हे खोटं आहे म्हणे. खरं कधी?’

खरं कधी! मी या दारावर शिव्या पाहिल्यात, बदाम पाहिलेत, मास्तरणींची चित्रं पाहिलीत. असं वाक्य कुणी कधी कोरलं नव्हतं. कोरायला कर्कटक दाबून धरावं लागतं, हात दुखतो, तेवढ्यात माणूस विचार करतो. इथं विचाराला जागाच नव्हती.

ती रडली नाही. याचीच मला धास्ती बसली. रडणाऱ्या पोरी शेवटी तोंड धुतात आणि मला उघडतात, हा माझा अनुभव. ही नुसती भिंतीकडे बघत बसली. मला वाटलं, ही आता मला उघडणार नाही. उघडून बाहेर जावं असं बाहेर काही आहे, हेच ती विसरलीय. मी पहिल्यांदा देवाजवळ मागितलं की मला मोडू दे, माझा खिळा निसटू दे, पण हे दार उघडू दे.

मावशी आल्या. दार वाजवलं. ‘कोण आहे गं आत? कोण त्रास देतंय?’ मावशींनी आपल्या परीनं केलं. बेसिनपाशी उभ्या असलेल्या पोरींना हाकललं, बाहेरचं मोठं दार ओढून घेतलं आणि म्हणाल्या, ‘बाळा, बघ, आता इथं चिटपाखरू नाही. सगळ्या गेल्या. काढ कडी.’

सगळ्या गेल्या म्हणे. आत फोन थरथरतच होता.

मावशी बाईंना बोलवायला धावल्या. तेवढ्यात फोन वेगळ्या तऱ्हेनं वाजला. कुणाचा तरी कॉल. तिनं कापला. पुन्हा आला. पुन्हा कापला. पुन्हा आला. शेवटी कंटाळून तिनं उचलला, पण बोलली नाही. पलीकडून गाड्यांची घरघर आणि एका पुरुषाचा धापा टाकणारा आवाज.

‘हॅलो? कोण आहे? कोण बोलतंय या फोनवर?’

तिनं फोन कानापासून लांब धरला.

‘अरे, बोला की कुणीतरी! तिच्या आईचा फोन लागत नाहीये. मी तिचा मामा आहे.’

‘मामा,’ ती म्हणाली, ‘मीच आहे.’

‘मीच म्हणजे कोण? ठमे? ठमे, तू?’

‘हो.’

पलीकडे एक मोठा माणूस हमसून हमसून रडायला लागला. मामा ट्रक चालवायचा. गावोगावच्या ड्रायव्हरांच्या ग्रुपवर कुणीतरी ते चित्र टाकलं होतं, खाली हात जोडून. कुणाचं आहे हे टाकणाऱ्याला माहीत नव्हतं. त्यानं फक्त पुढे पाठवलं होतं. मामानं चहाचा ग्लास तोंडाला लावता लावता स्वतःच्या भाचीचा मृत्यू वाचला होता. तिची आई नर्स. ती ऑपरेशनच्या खोलीत, तिचा फोन कपाटात.

‘मामा, रडू नको ना. खोटं आहे ते. माझी थट्टा केलीय.’

‘थट्टा?’ मामाला तो शब्दच कळेना. ‘कोण करतं अशी थट्टा?’

‘माहीत नाही. सगळेच.’

‘बरं. बरं. राहू दे. तू ठेवू नकोस. तू बोलत राहा.’

‘काय बोलू?’

‘काहीही बोल. अगं, मगाचपासून माझ्या कानात नुसतं… तू बोल फक्त. तुझा आवाज येऊ दे. लहानपणी माझ्या गाडीत बसून रस्त्यावरच्या पाट्या वाचायचीस ना, डोकं उठवायचीस माझं. तसं वाच. समोर काय दिसतंय?’

‘मामा, मी बाथरूममध्ये आहे.’

‘असेना का! तिथं काय लिहिलंय?’

तिनं मान वर केली. पुढे सरकून दाराजवळ डोळे आणले, इतके जवळ की तिचा श्वास मला लागला. हिरव्या रंगाखालची अक्षरं तिनं बोटानं चाचपली.

‘चिमणी… चोर आहे.’

‘आँ? काय चोरलं चिमणीनं?’

‘मला काय माहीत! केव्हाचं आहे हे. खाली लिहिलंय, गणिताच्या बाई खडूस.’

‘हे बाकी खरं असणार,’ मामा नाक ओढत म्हणाला.

ती हसली. आधी नुसता श्वास, मग हसू, आणि मग हसता हसताच रडू फुटलं. घळाघळा. मी हुश्श केलं. रडली की उघडणार, माझा अनुभव सांगतो. तिकडून मामा ‘वाच, वाच, थांबू नकोस’ म्हणत होता आणि ती डोळे पुसत पुसत जुन्या जुन्या पोरींच्या शिव्या त्याला मोठ्यानं वाचून दाखवत होती. त्या आवाजात. माईकवालीच्या खणखणीत आवाजात, जो शाळेनं कित्येक आठवडे फक्त फोनमधून ऐकला होता.

वर्गाच्या बाई धावत आल्या तेव्हा तिनं मला सरकवलं. खट्. आयुष्यात इतकी हलकी मी कधी सरकले नाही.

मग मात्र शाळेत गदारोळ झाला. आई आली, हॉस्पिटलच्या कपड्यांतच. मामा ट्रक घेऊनच आला म्हणे, फाटकात मावेना. चौकशी झाली. चित्र कुणी बनवलं याचा पत्ता लागला नाही. ज्याला विचारावं त्यानं फक्त पुढे पाठवलेलं. मला माहीत होतं. या सगळ्या शाळेत मला एकटीलाच माहीत होतं, आणि मला बोलता येतं ते फक्त खट्.

शेवटी मोठ्या बाईंनी निर्णय घेतला. मुली आत कडी लावून फोन बघतात, कडी लावून बसून राहतात, तेव्हा आतल्या कड्या काढून टाकाव्यात. घ्या! चोर सोडून संन्याशाला सुळी. तोच सुतार आला, आता मिशी पांढरी. तीन स्क्रू मुकाट निघाले. खिळा निघेना. सुतारानं शिवी दिली, पक्कड लावली, शेवटी तो दारात तसाच ठेवून मला उपटून काढलं. मावशींनी मला डब्यात टाकलं. म्हणाल्या, ‘राहू दे, लागेल कधीतरी.’

तेव्हापासून पोरी जोडीनं येतात. ते दार मोठं अवसानघातकी आहे, सोडलं की आपोआप आत उघडतं. म्हणून एक आत जाते, दुसरी बाहेरून मूठ ओढून धरते. आतली सारखी विचारते, ‘आहेस ना?’ बाहेरची म्हणते, ‘आहे गं.’ डब्यात पडल्या पडल्या मी दिवसभर हेच ऐकते.

परवा हळूबाई एकटीच आली. तास चालू होता, मावशी अंगणात. हळूबाई आत गेली, दार उघडत राहिलं. आतून ती बारीक आवाजात म्हणाली, ‘कुणी आहे का? जरा दार धराल?’

बेसिनचा नळ बंद झाला. ‘धरते,’ कुणीतरी म्हणालं. ‘निवांत होऊ दे तुझं.’

तो आवाज कुणाचा, हे मी सांगायला नको. हळूबाईलाही सांगायला नको.

‘तू… तू जा. मी नंतर येईन.’

‘अगं, दुसरं कुणी नाहीये. धरलंय मी.’

मग आतून, जेमतेम ऐकू येईल इतक्या आवाजात, हळूबाई म्हणाली, ‘ते चित्र मी बनवलं होतं. मला वाटलं आपल्या वर्गातच हसतील. मी मग पुसून टाकलं गं. पण ते पुसलंच जाईना.’

आणि नेमकी तेव्हाच घंटा झाली.

सुट्टीची झुंड आत घुसली. वीस-पंचवीस पोरी, कुणाच्या मोज्यात, कुणाच्या हातात फोन. दाराच्या आत हळूबाई, उठता येईना अशी. दाराच्या मुठीवर माईकवालीचा हात. नुसती बोटं सैल सोडायची होती. बाकीचं दारानं केलं असतं, उरलेलं फोनांनी. मी डब्यात बिजागरीच्या करकरण्याची वाट बघत होते. आतून ‘आहेस ना’ असं विचारायचं धाडस हळूबाईला झालं नाही.

‘आत कोण आहे गं?’ कुणीतरी ओरडलं. ‘किती वेळ? नाव सांग, आपण बोंब मारू!’

माईकवालीनं घसा खाकरला. समारंभाआधी खाकरायची तशी.

‘आहे कुणीतरी,’ ती म्हणाली. ‘थांबा. होईल तिचं.’

बिजागरी वाजली नाही. झुंड पुढच्या दारांकडे पांगली. थोड्या वेळानं माईकवालीनं दारावर टकटक केली. ‘झालं का? ये बाहेर. आणि बाईंकडे आपण दोघी जायचंय, आत्ताच.’ मग दोन जोड्या पावलं गेली. एक जोडी फार हळू चालत होती.

सुतार पुन्हा येणार आहे असं ऐकते. मला परत दारावर लावावं, एवढंच माझं मागणं आहे. दाराला कडी हवीच, पोरींना कुठंतरी एकटं बसून रडता यायला हवंच. नाहीच लावलं तरी तक्रार नाही, फक्त भंगारात घालू नका. माझ्या नावाचा इतका ताठा होता मला, पण त्या दिवशी त्या मुठीवरच्या चार बोटांनी माझ्यावर कडी केली.